मोडण्यासाठीं मांडलेलें जाळें

विद्यार्थिमित्रांनो, 'ब्लॉकचेन' हा शब्द हल्लीं तुमच्या कानांवरून वारंवार जात असेल. घरचीं वडील माणसेंही तो ऐकतात, आणि त्याबरोबर पैशाच्या लाभाच्या व हानीच्या गोष्टीही ऐकतात. त्या लाभहानीविषयीं मला येथें कांहींच सांगावयाचें नाहीं. ज्या सॉफ्टवेअरवर हा व्यवहार चालतो, तें पारखण्याचीं साधनें कशीं मांडतात, एवढाच माझा विषय आहे. कारण त्या मांडणींत मला आपल्या शाळेच्या कामाचेंही एक वर्म सांपडलें.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांनीं मिळून ठेवलेली एकच खातेवही होय. तिचें प्रत्येक नवें पान जो तो संगणक नियमाप्रमाणें तपासून मगच आपल्या प्रतीस जोडतो. मुख्य कारकून कोणीच नाहीं. म्हणून सॉफ्टवेअरमध्यें चूक राहिली, तर ती एकदम सर्व प्रतींत उतरते. 15 ऑगस्ट 2010 रोजीं बिटकॉइनच्या वहींत असेंच घडलें. दोन अति मोठ्या रकमांची बेरीज यंत्राच्या मर्यादेबाहेर जाऊन ऋण ठरली. आणि 2 कोटी 10 लक्षांहून अधिक नाणीं कधींच निघूं नयेत असा नियम असतां, एका व्यवहारांत 18,400 कोटींहून अधिक नाणीं निर्माण झालीं. कांहीं तासांतच दुरुस्त सॉफ्टवेअर निघालें, आणि तें सदोष पान व त्यावर चढलेलीं पानें टाकून देण्यांत आलीं.

अशी चूक चालत्या बाजारांत शिरण्यापूर्वींच सांपडावी, याकरितां बिटकॉइन कोअर या सॉफ्टवेअरमध्यें 'रेगटेस्ट' नांवाची सोय आहे. गेल्या सुटींत नववीच्या तीन मुलांसमवेत मीं ती शाळेच्या एकाच संगणकावर मांडली. दोन नोड उभे केले. प्रत्येकास माहितीचा निराळा कप्पा व निराळा पोर्ट क्रमांक दिला, आणि एकास दुसऱ्याचा पत्ता सांगितला. खऱ्या जाळ्यांत एका पानास सरासरी 10 मिनिटें लागतात. येथें तें आज्ञेसरशीं तयार होतें. पहिलें पान जोडून मुलांनीं मोठ्या उत्सुकतेनें शिल्लक पाहिली, तों ती शून्य! पानाबद्दल मिळालेलीं 50 नाणीं, त्यावर आणखी 100 पानें चढल्यावांचून खर्चितां येत नाहींत. हा नियम तेथेंही लागू आहे. 101 पानें झालीं, तेव्हां 50 नाणीं दिसलीं. "सर, हीं खरीं आहेत का?" एकानें विचारलें. बाजारांत त्यांस कवडीचीही किंमत नाहीं, आणि म्हणूनच हवे तितके प्रयोग करण्यास आपण मोकळे आहोंत, असें मीं सांगितलें.

मग आम्हीं दोन्ही नोडांचा संबंध तोडला. एकावर 2 पानें जोडलीं, दुसऱ्यावर 3. संबंध पुन्हां जुळतांच पहिल्यानें आपलीं 2 पानें सोडून दुसऱ्याचीं 3 स्वीकारलीं. मुलास नेण्यास आलेले एक पालक हें पाहत होते. ते म्हणाले, "सर, मोडावयाचें, तर मांडावयाचें कशाला?" त्यांस मीं सांगितलें कीं, सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी हेंच करतात. पायथॉन भाषेंत चाचण्या लिहून ते मुद्दाम जाळें फोडतात, घड्याळ पुढें सारतात, सदोष पानें पाठवितात, आणि सॉफ्टवेअर काय करतें तें पाहतात.

परंतु एका संगणकावरील प्रयोग पुरेसा नसतो. म्हणून चाचणीचीं सार्वजनिक जाळींही असतात. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनचें 'होलेस्की' हें असेंच एक जाळें होतें. 24 फेब्रुवारी 2025 रोजीं 'पेक्ट्रा' नांवाची सुधारणा तेथें लागू होतांच जाळें दुभंगलें. कारण दिसण्यांत क्षुल्लक होतें: ठेवींच्या कराराचा त्या जाळ्यावरील पत्ता कित्येक नोडांच्या सॉफ्टवेअरमध्यें चुकीचा भरला गेला होता. तें सावरण्यास सुमारें दोन आठवडे लागले; परंतु तेथील नाणीं केवळ चाचणीचीं असल्यामुळें कोणाची पुंजी बुडाली नाहीं. त्याच मार्च महिन्यांत 'हूडी' हें नवें चाचणी-जाळें उभारण्यांत आलें, आणि 7 मे 2025 रोजीं पेक्ट्रा खऱ्या जाळ्यावर सुखरूप लागू झाली.

यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. चुकीला अशी जागा हवी कीं, जेथें ती उघड होईल, पण कोणाचें नुकसान करणार नाहीं. आणि ती जागाही खऱ्याइतक्याच काळजीनें मांडली पाहिजे. आपली सहामाहीपूर्वीची चाचणी परीक्षा म्हणजे अशीच जागा नव्हे काय? तींत शेजाऱ्याचें उत्तर उतरणारा विद्यार्थी, फुटलेलें जाळें शाबूत असल्याचें कळविणाऱ्या नोडासारखा होय. त्याच्या गुणांवरून गुरुजींस कांहींच कळत नाहीं. पालकांसही एक विनंती: चाचणीची उत्तरपत्रिका घरीं आली म्हणजे गुणांचा आंकडा पाहून रागावण्यापूर्वीं, कोणतें उदाहरण कोठें अडलें, तें मुलाजवळ बसून पाहावें. तें तेथें सांपडलें, तर वार्षिक परीक्षेपर्यंत सुधारण्यास अवकाश आहे.