भेगेतली सदाफुली

घणसोली गावात आता बागेला जागा नाही. पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधली भातशेती नव्या मुंबईसाठी गेली. हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० साली आणि गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातले साडेबारा टक्क्यांचे भूखंड हाती येईपर्यंत एक अख्खी पिढी शेताविना मोठी झाली. गावठाणातली घरं उंच होत गेली. अंगणं आक्रसून ओट्याएवढी उरली, पुढे ओटेही गेले. तरी गल्लीतून मान वर करून चाललं की कठड्याच्या सांध्यात, पन्हळीच्या पाइपामागे, गटाराच्या सिमेंटी काठावर, कुलूप लागलेल्या घराच्या पायरीशी पाच पाकळ्यांचं गुलाबी फूल दिसतंच. सदाफुली! तिथे ती कुणी लावलेली नसते.

ही मूळची मादागास्कर बेटावरची. ऊन आणि निचऱ्याची रेताड जमीन तिला मानवते, आणि इथे तर चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस कोसळतो. त्यात ती तगते ती या भेगेमुळेच. सपाट वाफ्यात हौसेने लावलेली सदाफुली जुलैत बुंध्याशी काळी पडते. पानं मलूल होऊन लोंबू लागली की माणसाला वाटतं, तहानलीय, आणि तो आणखी पाणी ओततो. खाली मूळ सडत असतं. भिंतीच्या भेगेत मात्र पाणी थांबत नाही, आलं तसं निघून जातं. मग ऑक्टोबरपासून मेपर्यंत स्लॅब तापत राहतो, दुपारी गच्चीवर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि मूठभर मातीवर ही फुलत असते. कोकणपट्टीत कोरडी बाग करायची तर ती गच्चीवर आणि कठड्यावरच होईल. सदाफुलीने हे आपल्या आधी ओळखलं.

म्हणून तिला वाढवताना हात आवरायला शिकावं लागतं. रंगाचा रिकामा डबा घ्यावा, बुडाला चारपाच भोकं पाडावीत. माती निम्मी, उरलेल्यात रेती आणि विटांचा चुरा. शेणखत चिमूटभरच, खत जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं रुसतात. बी काळं, बारीक, तिळाहूनही लहान. ते उजेडात पडून राहिलं तर नीट रुजत नाही, त्याला अंधार लागतो. वर मातीचा पातळ थर द्यावा. रोपाने मूळ धरेपर्यंत पाणी घालावं आणि पुढे बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. आमच्या शेजारच्या आजी माझी झारी बघून एकदा म्हणाल्या, "बाय, तिला कशाला रोज पानी? ती आपली आपन येते." फलोद्यानाच्या पुस्तकांतली पानंच्या पानं या एका वाक्यात आली.

आपली आपण येते म्हणजे कशी, ते शेंगा पाहून कळतं. फूल ताजं असतानाच गळतं आणि देठाशी दोन बारीक हिरव्या शेंगा जोडीने उभ्या राहतात. त्या पिवळसर होऊन वाळल्या की एका बाजूने उलतात आणि बी सांडतं. काही वाऱ्याने, काही पावसाच्या ओघळाने आणि बरंचसं मुंग्यांच्या तोंडून सांध्यासांध्यांत पोचतं. झाड बारमाही असलं तरी दोनतीन वर्षांत काठीसारखं लांबुळकं होतं. पावसाळा सरल्यावर निम्म्यावर छाटलं तर पुन्हा झुपकेदार होतं; नाहीतर बुडाशी आलेल्या पिल्लांना जागा करून द्यावी. त्यासाठी गच्चीचा कोपरा दररोज खराट्याने लख्ख करण्याची सवय सोडावी लागते. मला ती सोडणं जड गेलं, पण फळ फार मोठं मिळालं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. गावात अजूनही साखर उतरावी म्हणून सकाळी सदाफुलीची फुलं नि पानं चावणारे लोक आहेत. ते करू नये. ही वनस्पती विषारी आहे, शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. मधुमेहाचीच आशा धरून जमैकाहून तिची पानं कॅनडात वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्या हाती पोचली होती. साखरेवर परिणाम दिसला नाही, पण प्रयोगातल्या प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तो धागा सोडला नाही आणि १९५८ मध्ये विनब्लास्टीन हे कर्करोगाशी लढणारं द्रव्य जगापुढे आलं. पाठोपाठ विनक्रिस्टीन आलं, त्याला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ते जेमतेम ग्रॅमभर निघतं. परळच्या टाटा रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांना आजही ते देतात. आपल्या गटाराच्या काठावरचं हे झाड त्या मुलांच्या शिरेत थेंबाथेंबाने जातं, हे कळल्यापासून मला तिला उपटून टाकणारा हात बघवत नाही.

नर्सरीत हल्ली ठेंगण्या, मोठ्या फुलांच्या, लालचुटूक नि जांभळ्या जाती मिळतात. दिसतात सुरेख, पण आपल्या पावसात त्या आधी माना टाकतात. मला जुनी गुलाबी आणि लाल डोळ्याची पांढरी, याच दोघी प्रिय. त्यांचं बी हवं असेल तर मे महिन्यात या, पाऊस लागायच्या आत. येताना कागदाची पुडी आणा. प्लास्टिकच्या पिशवीत बी घामेजतं.