पीळ

वेटोळ्यातून सोडलेली तार सरळ राहायला तयार नसते. पियानोला लावतात त्या जातीचं पोलाद, जाडी जेमतेम दीड मिलिमीटर, तरी टोक सुटलं की सळकन पुन्हा गोल. मिस्त्री पक्कड खाली ठेवत म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई, त्यातली गत." बोलले ते तारेला. म्हण मात्र माझ्या मागे लागली.

काम तसं किरकोळ. एका जुन्या शेवरले ट्रकच्या हीटरची आणि हवेच्या झडपेची केबल नव्याने करायची. गारगोटीत हीटर कशाला, असं विचारणाऱ्याने आषाढात पाटगावच्या रस्त्याला जाऊन यावं. बाहेर धार धरलेला पाऊस, केबिनमध्ये ओले कपडे आणि काच आतून धुरकटलेली. बाहेरून काचेला तंबाखू चोळून पाणी ओघळवणारे ड्रायव्हर पूर्वी होते. आतल्या वाफेला तंबाखूचा इलाज नाही, तिला गरम हवाच लागते. सुटे भाग मिळायची आशा कधीच संपली. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये ते काम थांबवलं. म्हणून केबल करायची ती इथेच, हाताने.

अर्नेस्ट बाउडन नावाच्या आयरिश माणसाने १८९६ मध्ये पेटंट घेतलं, ती युक्ती अजून तीच आहे: बाहेर गुंडाळीचं कवच, आत सरकणारी तार. कवचाची दोन्ही टोकं क्लिपांनी घट्ट आवळलेली हवीत. एक क्लिप जरी ढिली राहिली, तरी नॉब ओढल्यावर झडप जागची हलत नाही, कवचच सरकतं. सायकलच्या ब्रेकची वायर बारीक तारा वळून केलेली असते; ती फक्त ओढू शकते, परतायला तिला स्प्रिंग लागते. आमच्या झडपेला स्प्रिंग नाही. ओढलं की उघडायची, ढकललं की मिटायची. म्हणून आत एकच सलग, कडक तार. वळलेल्या दोरीने काही ढकलता येत नाही.

हे लक्षात आलं आणि म्हणीची उलटतपासणी सुरू झाली. ती पहिल्यांदा कुणी म्हटली असेल? ज्याने चुलीत पडलेला सुंभ पाहिला त्याने. काथ्याची दोरी जळते, राखेतही वेढे जसेच्या तसे दिसतात. पण फुंकर मारली तर? म्हण करणाऱ्याने बोट लावून पाहिलं नसावं. शिवाय पोलादाला ती लागूच नाही. ही तार लाल होईपर्यंत तापवा आणि सावकाश गार होऊ द्या. ताठा जातो, हवी तशी वळते आणि ढकलण्याच्या कामातून उठते. म्हणून टोकाचा फासा न तापवता, थंडच वाकवायचा असतो. मिस्त्रींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी त्यांना म्हण सुचली ती हीच.

माज न उतरलेल्या माणसाला आपण ती ऐकवतो. जमीन गेली, वाडा गेला, आवाज तेवढाच चढा. पण पीळ म्हणजे माज, हे दोर विकत घेणाऱ्याचं मत झालं. दोर वळणाऱ्याला विचारा. घायपाताच्या वाखाचे तंतू आखूड. ते नुसते शेजारी शेजारी ठेवले तर शेळीसुद्धा बांधता येणार नाही. पीळ भरला की तेच एकमेकांना आवळून धरतात आणि बैलाचा ओढा सोसतात. पीळ गेला तर दोरच उरत नाही. गावोगावी हे काम मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यांनी म्हण केली असती तर ती कौतुकाची झाली असती. की नसती? वाट्याला आलेल्या कामाचं कौतुक वाटतंच असं नाही.

दोर म्हटला की मोट आलीच. सोंडेच्या मोटेला दोन दोर: जाड नाडा वरच्या चाकावरून, बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून. नाडा चामड्याची मोट उचलतो, सोंदूर तिची सोंड वर धरून ठेवतो, म्हणजे वाटेत पाणी सांडत नाही. दोन्ही एकाच जुवाला बांधलेले. मोट थारोळ्याच्या वर आली की सोंड सोंदराने पुढे ओढली जाते आणि पाणी मोकळं होतं. कुणी झडप उघडत नाही. दोन दोरांच्या लांबीतला फरक ते काम करतो. तो फरक चुकला की पाणी पुन्हा विहिरीत. आणि यात ढकलणं कुठेच नाही. बैल मागे सरले, दोराला ढील मिळाली की मोट आपल्या वजनाने खाली जायची. ओढणं आणि ढील देणं, एवढ्यावर कितीतरी बागायत पिकली.

मग ऑइल इंजिनं आली, पुढे विजेचे पंप. ती इंजिनं कोल्हापूरच्या कारागिरांनीही घडवली. नाडा-सोंदराची मापं साधणाऱ्याचा मुलगा लेथवर उभा राहिला असेल, असं म्हणायला बरं वाटतं. खरं असेलच असं नाही. मापाची नजर वारशाने येते की दर पिढीला नव्याने कमवावी लागते, हे मिस्त्रींना विचारलं, तर ते म्हणाले, "पोटासाठी येतीया."

जुनी गंजलेली केबल काढून फरशीवर टाकली, तर तीही सरळ झाली नाही. डॅशखाली ज्या वळणांनी ती इतकी वर्षं बसली होती, ती वळणं तिच्या अंगात राहिलेली. नवी तार वेटोळ्याचं वळण घेऊन आलेली. एकीचा पीळ जागेचा, दुसरीचा जन्माचा. माणसातला कुठला कोणता आणि उतरवायचा कोणता, हे मी या कामाला बसण्याआधी बऱ्यापैकी ठामपणे सांगितलं असतं. आता नाही सांगवत.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर एवढं करा: तुटलेली केबल लगेच भंगारात टाकू नका. कवचाची लांबी, तारेचा बाहेर राहणारा भाग आणि फाशाची दिशा नवी करणाऱ्याला तिच्यावरूनच कळते.