भरतीची होडी, ओहोटीची होडी

चित्रकला आणि सायकल या दोन गोष्टी एकदा सुटल्या की पुन्हा धरू नयेत, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत. मी निवृत्त झालो आणि एकाच महिन्यात दोन्ही धरल्या.

दाभोळला आमचं घर चढावर. त्यामुळे धक्क्याकडे जाताना सायकल मला नेते आणि परत येताना मी सायकलला आणतो. कॅरियरला फळी, हँडलला रंगांची पिशवी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. एक पिण्याची, एक ब्रश धुण्याची. एकदा त्यांची अदलाबदल झाली. तेव्हापासून प्रशियन ब्ल्यू हा रंग मला आतून माहीत आहे.

जलरंगांनी कोकणात येऊ नये. इथली हवाच इतकी ओली की आकाशाचा पहिला हात वाळेपर्यंत एक फेरीबोट धोपाव्याला जाऊन परत येते. २००३ साली ही फेरी सुरू झाली नसती, तर माझ्याजवळ वेळ मोजायला काही साधनच नव्हतं. तोवर भोवती पोरं जमतात. "काका, हा डोंगर का?" एकाने विचारलं. तो शाही मशिदीचा घुमट होता. कारागिरांनी तो दगडात गोल केला. मला कागदावरसुद्धा जमेना. मी म्हटलं, "हो, डोंगरच." माणसाने वाद घालू नये.

त्या दिवशी मात्र चित्र जमलं होतं. खाडी, पलीकडचा किनारा आणि मधोमध नांगरलेल्या दोन होड्या. दोन तास खपलो होतो. एवढ्यात एक म्हातारा तांडेल मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ पाहून म्हणाला, "मास्तर, ही होडी भरतीची आणि ही सुकतीची. एकाच पाण्यात?"

मी मास्तर नव्हतो, पण विद्यार्थी नक्की झालो. त्याने समजावून सांगितलं. नांगर तोंडाकडून टाकलेला असतो, म्हणून होडी नेहमी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करते. भरतीत समुद्राकडे, ओहोटीत गावाच्या वरच्या अंगाला वाशिष्ठीकडे. मी पहिली होडी काढली तेव्हा भरती होती. दुसरीपर्यंत पोचलो तोवर पाणी फिरलं होतं आणि दोन्ही होड्या माझ्यादेखत वळल्या होत्या. मी समोर बसून ते पाहिलंच नव्हतं! जलरंगात खोडरबर चालत नाही. मी चित्र तसंच उचललं.

चढावर सायकल ढकलताना वाटलं, चुकलं तरी चित्र दाभोळचंच आहे. एकेकाळी अरबस्तानापर्यंत व्यापार करणारं हे बंदर. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडाने चौलला मारल्या गेलेल्या मुलाचा राग याच्यावर काढला आणि ते जाळलं. गाव त्यानंतरही उठलं, पुन्हा बसलं. भरती केव्हा संपली आणि ओहोटी केव्हा लागली, हे काठावर बसलेल्यांना तरी कुठे कळलं असेल?

हे मोठे विचार घेऊन घरी पोचलो. सौभाग्यवतींनी चष्मा लावून चित्र पाहिलं. म्हणाली, "अहो, हे आपल्या दोघांचं का?"

"म्हणजे?"

"एकाच पाण्यात, पण एकाचं तोंड इकडे आणि एकाचं तिकडे. पस्तीस वर्षं तुम्ही ऑफिसकडे तोंड करून होतात. आता ऑफिस संपलं, तर सायकलकडे."

मी हसलो. ती हसली नाही. चित्र घेऊन आत गेली आणि स्वयंपाकघरात ओट्यासमोर टांगलं.

दुसऱ्या दिवशी सायकल घरीच ठेवली. फळी मी घेतली, पिशवी तिने. दोघं चालत धक्क्यावर गेलो. मी रंगवायला बसलो, ती डाळीतले खडे निवडत. आकाशाचा हात वाळत असताना तिने कोपराने ढोसलं.

"उठा. होड्या वळताहेत."

मी ब्रश खाली ठेवला. त्या पूर्ण वळेपर्यंत आम्ही दोघं बघत बसलो. चित्र अर्धंच राहिलं, डाळही.