पांझरेकाठचे फड

साक्री मागे टाकून मी पिंपळनेरच्या बाजूला निघालो, तेव्हा पाऊसकाळ सरून गव्हाच्या पेरण्या सुरू झाल्या होत्या. पांझरा ही काही मोठी नदी नव्हे. सह्याद्रीत उगम पावते, धुळ्यावरून जाते आणि मुकाट्याने तापीला मिळते. पण या लहानशा नदीवर पूर्वजांनी एकाखाली एक बंधारे घातले. इथली फडपद्धत ३००-४०० वर्षांची जुनी म्हणतात. शेजारच्या मोसम आणि आरम नद्यांवरही ती रुजली.

बंधाऱ्यापाशी एक म्हातारे पाटकरी भेटले. सारे त्यांना नाना म्हणत. पाटाच्या कडेने चालता चालता त्यांनी सारी व्यवस्था समजावून दिली. भिजत्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे पाडायचे. असा एक तुकडा म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा इथे ऊस, तर तिथे गहू, पुढे फेरपालट. पाटावर देखरेख पाटकऱ्याची, शेतोशेती पाणी द्यायचे ते बारेकऱ्याने, आणि राखण जागल्याची. मालकाने स्वतः दारे धरायची नाहीत!

"आणि पाणीच कमी पडलं तर?" मी विचारले.

"तर एक फड कोरडा ठेवायचा."

"मग त्या फडात ज्याची जमीन, त्यानं काय करायचं?"

नाना हसले. "भाऊ, सगळ्यांची जमीन सगळ्या फडांत!"

मी थबकलोच. प्रत्येकाचे थोडे इथे, थोडे तिथे. फड कोरडा राहिला की झळ साऱ्यांना लागते. एकट्याचे घर बसत नाही. वरच्या फडाने पाणी अडवावे, तर खालच्या फडात अडवणाऱ्याचेच पीक तहानलेले!

पुढे मात्र पाट गवताने बुजलेला दिसला. विहिरी झाल्या, विजेचे पंप आले, नदीवर वरच्या अंगाला धरणे झाली. विहिरीला पाणी असलेल्याला पाळीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. एकेकाने अंग काढून घेतले, तशी पुष्कळ ठिकाणी फडांची घडी विसकटली.

पलीकडे एक पंप चालू होता.

"कुणाचा हो?"

"आमच्याच पोराचा," नाना म्हणाले. "त्याला तरी काय बोलायचं? उसाचे चार पैसे मिळतात."

"मग तुम्ही हा पाट कशाला साफ करता?"

नाना वाकून गवत उपटतच राहिले. "पाट वाहिला तर विहिरीला पाझर, भाऊ. पोराला अजून ते ठाऊक नाही."