मिस्त्रींचा ग्रीसचा डबा

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घरोघरी तळणीचा वास सुटतो. आमच्या पांढरकवड्याला मात्र त्याच्याही आधी दुसरा एक वास येई, तो रॉकेलचा. कापसाचा हंगाम दिवाळीच्या मागेपुढे सुरू व्हायचा. त्यापूर्वी गावातल्या जिनिंग फॅक्टऱ्यांतली यंत्रे उघडून, धुऊन, पुसून पुन्हा बसवायची असत. माझे वडील अशाच एका फॅक्टरीत जमाखर्च लिहीत. शाळा सुटली की त्यांचा डबा परत आणायच्या निमित्ताने मी तिथे जाई आणि दिवे लागेपर्यंत फिटर मिस्त्रींच्या बाजूला उकिडवा बसून राही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. शेतकरी बंडीतून आणतो तो सरकीसकट कापूस. जिनचा कातडी रूळ त्यातली रुई ओढून घेतो, सुरी सरकीला अडवते, आणि रुई एकीकडे नि सरकी दुसरीकडे पडते. त्या काळी आमच्या फॅक्टरीत एकच ऑइल इंजिन साऱ्या जिनांना फिरवी. इंजिनापासून निघालेला लांबलचक लोखंडी दांडा, म्हणजे लाइनशाफ्ट, जिनांच्या ओळीखालून जाई आणि पट्ट्यांनी एकेका जिनला चाल देई. हा दांडा ज्यांच्यावर फिरे ती बेअरिंगे. सायकलच्या चाकातले छर्रे पाहिलेल्या माणसाला अधिक काय सांगायचे? दोन पोलादी कड्या, मध्ये गोळ्या आणि गोळ्यांना एकमेकींवर घासू न देणारा पिंजरा.

आता आमच्या मातीची गंमत ऐका. ही काळी कसदार जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कापसाला ती मानवते, पण तिच्यावर बांधलेल्या पायाला मानवत नाही. दरवर्षी पावसाळा संपला की शाफ्टखालचे ओटे कुठे केसभर वर आलेले, कुठे खचलेले असत. मिस्त्री दोरी ताणीत, पाणसळ ठेवीत, आणि ओट्यांवर पत्र्याच्या पट्ट्या सारून शाफ्ट एका रेषेत आणीत. ज्या मातीने कापूस दिला, तीच तो रेचायच्या वेळी यंत्राला वाकडे करी!

हे दुखणे आमच्या एकट्याचे नव्हते, हे मला फार पुढे, नागपूरला शिकत असताना कळले. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरी स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनिअर एका कापडगिरणीत नोकरीला होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची. ती खचे, लाइनशाफ्ट वाकडे होत आणि बेअरिंगे जळत. १९०७ साली त्याने दुपेडी गोळ्यांचे असे बेअरिंग काढले की बाहेरच्या कडीचा आतला भाग वाटीसारखा गोल, म्हणून शाफ्ट थोडा कलला तरी आतली कडी गोळ्यांसकट त्याच्याबरोबर कलते आणि फिरत राहते. त्याच वर्षी एस. के. एफ. कंपनी निघाली. तिचा कारखाना १९६०च्या दशकात आपल्या चिंचवडला आला. आमच्या मिस्त्रींना विंगक्विस्टचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही, पण 'मान हलवणारी बेरिंग' म्हणून ते याच बेअरिंगचे कौतुक करीत.

त्यांचे खरे कसब ग्रीस भरण्यात होते. रॉकेलच्या घमेल्यात बेअरिंग धुऊन, वाळवून, ते बोटांनी गोळ्यांच्या फटीफटीत ग्रीस दाबून भरीत. ज्या लोखंडी घरात बेअरिंग बसते, त्यातली मोकळी जागा मात्र ते निम्म्याहून अधिक रिकामी ठेवीत. मला वाटे, डबा तर भरलेला आहे, मग ही काटकसर कशाला? एकदा विचारलेच.

"तुही माय करंजीत सारन किती भरते?" मिस्त्री म्हणाले. "लय भरलं त फुटते का नाई?"

कारण साधे आहे. ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. ते ठासून भरले की गोळ्या त्याला घुसळत राहतात आणि त्या घुसळण्यानेच बेअरिंग तापते. कमी वंगणाने तापते हे कोणालाही कळते. जास्तीनेही तापते हे कळायला मिस्त्री लागतो. नवे बेअरिंगही ते शेवटच्या घटकेपर्यंत कागदातून काढीत नसत, घामेजल्या हाताने गंज चढतो म्हणून. आणि हातोड्याने गोळ्यांवर ठोका बसेल असे काही करणाऱ्या पोराला ते जी शिवी देत, ती दिवाळी अंकात छापता यायची नाही.

तापण्याची एवढी भीती का, तर भोवती सगळीकडे रुई. तिचे तंतू हवेत तरंगत, बेअरिंगच्या घरावर थर बसे. एक घर तापून लाल व्हायचा अवकाश, की गंजीच्या गंजी जायच्या.

साल १९६८. पौषातली गोष्ट. फाटकाबाहेर बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, बैल सोडलेले, माणसे शेकोटीला बसलेली. मिस्त्रींनी शाफ्टच्या शेवटच्या टोकाच्या बेअरिंगवर पेचकस टेकवून मूठ कानाला लावली. मग तळहात ठेवला आणि पाच मोजायच्या आत उचलला.

"शेठजी, पट्टा उतरवा लागते."

"रविवारी करू, मिस्त्री. बाहेर पाहिले का? हे लोक दुसऱ्या फॅक्टरीकडे वळतील."

"रविवारपावतर ते बोलून राह्यली तशी बोलनार नाई."

शेठजी वडिलांकडे पाहू लागले. एक दिवस बंद म्हणजे किती, हा आकडा वडिलांच्या वहीत होता, आणि तो लहान नव्हता. हंगामी मजुरांची मजुरीही त्याच आकड्यावर होती. वडील एवढेच म्हणाले, "गंजीत तीन दिवसांची रुई आहे, शेठजी." इंजिन थांबले. ती शांतता मला आजही आठवते. भुसारातल्या चिमण्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

शाफ्टखाली लाकडी ठोकळे देऊन मिस्त्रींनी तीन तासांत बेअरिंग काढले. पिंजरा एका जागी तुटलेला, बाहेरच्या कडीच्या वाटेवर खवले उडालेले, ग्रीस जळून काजळीसारखे काळे. नवे बसले. रात्री नऊला जिन पुन्हा सुरू झाले. चार-पाच बंड्या खरोखरच निघून गेल्या होत्या, आणि शेठजी आठ दिवस मिस्त्रींशी जेमतेम बोलत होते.

पुढे १९७२ साली एकाधिकार खरेदी आली, रांगा सरकारी केंद्रांपुढे लागू लागल्या. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान मोहिमेत अनेक जिनिंगांचे नूतनीकरण झाले. आता जिनजिनाला स्वतंत्र मोटर असते. मागच्या आश्विनात मी पांढरकवड्याला गेलो, तेव्हा अशाच एका फॅक्टरीत डोकावलो. तिथला तरुण फिटर ग्रीसची पिचकारी बेअरिंगला लावून मोजून दोन दाब देत होता. तिसरा का नाही, असे मी विचारले नाही.