शेतकऱ्याचा पाय

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. लहानपणी वडिलांबरोबर तिथं बाजाराला गेलो, की मी माल सोडून पाट्याच बघत बसायचो. पेंटर आधी खडूची दोरी मारायचा आणि सपाट ब्रशनं एकेक अक्षर त्या रेषेला टांगायचा. त्याचा 'ल' अजून डोळ्यांपुढं आहे. दोन भरघोस पाकळ्यांचा, पोटभर जेवून मांडी घालून बसलेल्या माणसासारखा. 2009 च्या शासन निर्णयानं मराठीसाठी पाकळीचा 'ल' ठरवून दिला. आमच्या पेंटरच्या हाताला तो आधीपासूनच ठाऊक होता. पुढं फ्लेक्स आला आणि पाट्या उतरल्या. तो 'ल' कुठंतरी राहावा, एवढ्या हौसेपायी मी फाँट करायला बसलो.

नोकरी नांदेडला, फाँट रात्री. फाँट करायचं सॉफ्टवेअर, फाँटफोर्ज, फुकट मिळतं. शिकवणी मात्र मी 'मुक्ता'चं पोट उघडून घेतली. 'एक टाइप'च्या मंडळींनी हा फाँट खुल्या परवान्यावर दिला आहे. उघडा, बदला, वाटा. नुसता फाँट तेवढा विकू नका, आणि बदललेला फाँटही त्याच अटींवर पुढं द्या.

बाराखडी काढली की झालं, असं मला वाटलं होतं. पण पहिल्या वेलांटीच्या एकाच आकारानं भागत नाही. 'रि'ची आखूड, 'क्षि'ची लांब. नाहीतर तिचं टोक वाटेतच लोंबकळतं. शिरोरेषा अक्षराबाहेर केसभर काढावी लागते, नाहीतर ओळीत फटी पडतात. युनिकोडात 'क्ष'ला स्वतःचं घर नाही. 'क', हलन्त आणि 'ष' असे तिघं ओळीनं येतात, आणि त्यांचा संसार फाँटनं मांडायचा असतो.

सगळं जमलं असं वाटलं, तेव्हा ओळखीतल्या हौशी लोकांना फाइल वाटून टाकली. लातूरच्या मावसभावालाही दिली. त्याचं बी-बियाणांचं दुकान आहे. पेरणीच्या तोंडावर त्यानं पत्रक छापलं आणि फोन केला, "शेतकऱ्याचा पायच मोडलास की लेका!"

खरंच मोडला होता. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दात 'र'खाली हलन्त उघडा पडला होता आणि 'य' लांब जाऊन उभा होता. 'सूर्य'मधला 'र' रफार होऊन डोक्यावर चढतो. 'शेतकऱ्या'तला आडवी कोर होऊन 'य'च्या अंगाला बिलगतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना वेगळं काढते ती हीच कोर. मी जोडाक्षरांची यादी हिंदीसाठी केलेली घेतली होती, आणि हिंदीला तिची गरज पडत नाही. सोयाबीन-तुरीच्या मुलखात बसून मी ज्यात शेतकऱ्याचंच नाव लिहिता येत नाही असा फाँट केला होता.

चूक झाल्याचं मी सगळ्यांना कळवलं. देगलूरकडच्या एका गुरुजींनी शब्दच पाठवले: दऱ्या, वाऱ्या, कुऱ्हाड, बिऱ्हाड, गोऱ्हा. म्हणजे 'य'बरोबर 'ह'चीही सोय हवी होती. मी नवी कोर काढून पाठवली, तर म्हणाले, "फळ्यावर आम्ही इतकी बारीक काढत नाही, मागच्या बाकाला दिसत नाही." ती जाड केली. आणखी कुणीतरी 'ऱ्ह'मधली जागा आवळून फाइल परत पाठवली. माझा 'ल' त्यानं हातही न लावता तसाच ठेवला होता.

पहिल्यांदा फाइल देताना माझा हात अडखळला होता. इतक्या रात्रींचं काम फुकट द्यायचं? आता वाटतं, ती कपाटात ठेवली असती, तर शेतकरी लंगडाच राहिला असता आणि मला पत्ताही लागला नसता.

पुढच्या हंगामात भावानं नवं पत्रक पाठवलं. मी मोठं करून पाहिलं. 'शेतकऱ्यांसाठी' नीट उभा होता, कोर जागेवर. मी म्हटलं, "बघितलंस का?"

"बघितलं की," तो म्हणाला. "बॅगेच्या भावाचा आकडा अजून मोठा हवा होता."