वेताळाचे डोळे

वेताळाच्या डोळ्यांत बुबुळे नाहीत, ही गोष्ट 'इंद्रजाल कॉमिक्स' नुसते वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही; चित्र उतरवून काढणाऱ्याच्या मात्र पहिल्याच दिवशी येते. मुखवट्याच्या दोन फटी काढून झाल्या की हात सवयीने मध्ये टिंब द्यायला जातो, आणि मूळ चित्रात पाहावे तर तिथे कोरा पांढरा कागद. ते टिंब न देणे आम्हाला फार जड जाई. पुढे पुष्कळ वर्षांनी वाचनात आले की वेताळाचे जनक ली फॉक यांना ही कल्पना ग्रीक अर्धपुतळ्यांवरून सुचली होती. बुबुळांवाचूनची ती नजर त्यांना अमानवी आणि धाक घालणारी वाटली. त्या वयात ग्रीक पुतळे आम्हाला कुठले ठाऊक असणार! पण टिंब दिले की समोरचा वेताळ म्हणजे गॅदरिंगच्या नाटकात मुखवटा बांधून उभा राहिलेला कुणी ओळखीचा इसम होतो, आणि टिंब पुसले की पुन्हा वेताळ होतो, एवढे खोडरबराने शिकवले होते.

'टाइम्स ऑफ इंडिया'च्या प्रकाशनसंस्थेने १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. इंग्रजीबरोबर ती मराठीतही येई, आणि मराठीत येताना 'फँटम'चा 'वेताळ' झाला. हे नामांतर ज्या कुणी केले त्याला आम्ही मनोमन दाद देतो. कारण आमच्याकडे वेताळ आधीपासून होताच. भुताखेतांचा राजा, गावाच्या वेशीबाहेरचा राखणदार. पण देशावर कित्येक गावी त्याला रूपच नाही. शेंदूर फासलेला एक तांदळा, भोवती दगडांचे रिंगण, बस्स. गोव्यात त्याच्या घडीव मूर्ती आहेत, त्या आम्ही फार उशिरा पाहिल्या. तेव्हा ज्याला नाकडोळे नव्हते अशा देवाला आम्ही पहिल्यांदा देह दिला तो जांभळ्या रंगाचा, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घातलेला आणि कमरेला दोन पिस्तुले लटकावलेला.

हा देह चित्रकलेच्या विद्यार्थ्याला फार सोयीचा. १९३६ साली वेताळ अवतरला, तेव्हा सुपरमॅनला यायला अजून दोन वर्षे होती. अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाची चाल वेताळाने आधीच पाडून ठेवली होती. त्या पोशाखाला चुणी नाही, घडी नाही. तो वस्तुतः पोशाखच नव्हे, रंगवलेली कातडी आहे. म्हणजे वेताळ काढणे हा मानवी शरीराचा अभ्यास, फक्त घरच्यांच्या देखत करता येण्याजोगा! शासकीय रेखाकला परीक्षांसाठी आम्हाला वस्तुचित्रात बादली-तांब्या काढायला लावत. माणसांची गाठ पडे ती स्मरणचित्राच्या पेपरात. तिथे विषय आठवडी बाजाराचा असो की एसटीच्या थांब्याचा, आमच्या भाजीवाल्याचा खांदा आणि कंडक्टरची छाती वेताळाचीच असे.

उतरवून काढण्याच्या दोन रीती होत्या. एक, चौकटी पाडून चित्र मोठे करण्याची; ही शिष्टसंमत. दुसरी, कागदाला खोबरेल तेल चोळून तो पारदर्शक करायचा, खालची रेषा गिरवायची आणि मग कागद पालथा घालून पाठीमागून घासायचे. ही दुसरी रीत झटपट, पण तिच्यात चित्र आरशातल्यासारखे उलटे उमटते. एरवी बिघडत नसे; वेताळाचे बिघडे. त्याच्या उजव्या हातात कवटीची अंगठी, दुष्टांच्या जबड्यावर उमटणारी. आणि डाव्या हातात, हृदयाच्या बाजूला, अभयाच्या खुणेची. कागद उलटला की अभय आणि शिक्षा यांची अदलाबदल! कथा आमच्या हाताच्या एका हालचालीने फिरत असे, आणि चित्रातही डावे-उजवे हे अर्थाचेच अंग असते हे तिथे कळले.

त्याहून अवघड प्रकरण संवादाच्या फुग्यांचे. नेमका खांदा, कधी अर्धा दंड, फुग्याआड गेलेला असे. फुगा वगळून चित्र काढायचे तर तो झाकलेला भाग आपल्या मनाने भरावा लागे. अनुकरण म्हणजे जसेच्या तसे, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा हा खांदा काढून पाहावा. आम्ही स्वतःचे म्हणून जे काही पहिल्यांदा रेखाटले, ते या फुग्यांआड.

आणि मग हळूहळू एक विलक्षण गोष्ट दिसू लागली. सगळे वेताळ एका हाताचे नव्हते. काहींची रेषा गोलसर, भाबडी. काहींची जाड-बारीक होत स्नायूवरून वळणारी, उघडच कुंचल्याची. नावे पुढे कळली. पहिले चित्रकार रे मूर, छायांचे शौकीन. मग चाळिसाच्या दशकात विल्सन मॅकॉय. आणि १९६१ पासून तीन दशकांहून अधिक काळ साय बॅरी. वेताळाची गोष्टच मुळी अशी आहे की बाप मरतो, मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जंगलाला वाटते वेताळ अमर आहे. आपण वाचतो तो एकविसावा. मुखवट्याआड माणूस बदलतो तसा रेषेआड चित्रकारही बदलत होता, आणि वाचक जंगलातल्या प्रजेसारखा खुशाल होता. बदल कळे तो नक्कल करणाऱ्याला. १९९९ मध्ये मरेपर्यंत फॉक लिहीत राहिले, हात मात्र तीनदा-चारदा बदलले!

ही नक्कल आणखीही काही दाखवून देते, आणि ते तितकेसे सुखद नाही. नायकाच्या एका दंडावर जितक्या रेषा खर्ची पडत, तितक्यात मागचा अख्खा जमाव उरकलेला असे. जंगलातले लोक म्हणजे पुष्कळदा काळ्या शाईचे दोन-चार फटकारे आणि वर भाला. वाचताना डोळा तिथे थांबत नाही. उतरवताना पेन्सिलीला थांबावेच लागते. एक गोरा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीयांचे रक्षण करतो, या रचनेतले वसाहतवादी गृहीतक आम्ही महाविद्यालयात समीक्षेच्या पुस्तकांतून वाचले. पण कुणाला चेहरा आहे आणि कुणाला नाही, याची मोजदाद वहीत आधीच झालेली होती. (भारतीय आवृत्तीत 'बंगाला' या देशनामाचे 'डेंकाली' केले गेले, कारण मूळ नाव आपल्या बंगालच्या फारच जवळ जाई. जंगल आपले असू नये, एवढी काळजी आपल्याकडेही होतीच.) न्यायाने हेही सांगितले पाहिजे की बॅरी यांच्या काळात राष्ट्राध्यक्ष लुआगा आला, पेशाने डॉक्टर, कृष्णवर्णीय, आणि त्याला चेहरा होता. कपाळ, गालाची हाडे, जबडा, सगळे विचारपूर्वक काढलेले. लुआगा उतरवायला वेताळाहून कठीण. त्याला मुखवटा नाही, आणि डोळ्यांत बुबुळे आहेत.

ती अंके आता आमच्यापाशी नाहीत. रद्दीच्या तागडीत गेली, वह्याही त्यांच्यामागून गेल्या. हाताला मात्र त्याची खबर नसावी. कंटाळवाण्या सभेत विषयपत्रिकेच्या समासात पेन आपोआप टोपीची कड काढते, मग मुखवटा, त्यातल्या दोन कोऱ्या फटी, मग मान, आणि खांद्याशी येऊन घुटमळते. तिथे फुगा होता.